मन वाचायला हुपरीला

माझा पाय हलतो. एका जागी बसलं की आपोआप हलायला लागतो, आणि तो हलला की बाबा गुडघ्यावर हात ठेवतात. "प्रीती, पाय," एवढंच म्हणतात. हुपरीच्या एसटीत त्या दिवशी त्यांनी चार वेळा हात ठेवला आणि पाचव्यांदा नाद सोडला.

आम्ही दोघं एकमेकांवर चिडलेलो होतो. कारण माझा धंदा.

मी मन वाचते. म्हणजे वाचत नाही. दिवसभर कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून लोकांचे फुटके डिस्प्ले बदलते, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या बारशाला, कुणाच्या वाढदिवसाला मन वाचण्याचे प्रयोग करते. समोरच्याच्या हातात माझा फोन द्यायचा. त्यावर गूगलसारखं दिसणारं एक पान उघडलेलं असतं. "मनात एक नाव धरा, इथं लिहा, नीट बघा, मग पुसा आणि फोन मला परत द्या." तो बिचारा लिहितो, पुसतो, वर फोन पालथा करून देतो. तोवर त्याचं अक्षर न् अक्षर माझ्या मनगटावरच्या घड्याळात येऊन बसलेलं असतं. मी डोळे मिटते, कपाळाला हात लावते आणि हात उचलताना घड्याळ बघून घेते. बास. ह्यात मन कुठंच नाही.

बाबांचं नाव यल्लाप्पा. आजीनं यल्लम्माला नवस बोलून घेतलेलं पोर, म्हणून हे नाव. आणि ह्या माणसानं उभा जन्म देवऋष्यांच्या मागं हात धुऊन लागण्यात घालवला. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. रविवार आला की सायकलला पिशवी अडकवून गावोगाव चमत्कारांचे कार्यक्रम करायचे. जिभेवर कापूर पेटवायचे, नारळातून करणी काढायचे. अंगात आलेल्या बाईचा आवाज तर असा काढायचे की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. मग मध्येच थांबून म्हणायचे, "बघा, मी यल्लाप्पा मेकॅनिक. माझ्या अंगात काय बी आलेलं न्हाय. आता हे कसं केलं ते दावतो." मी त्या कार्यक्रमांना पिशवी धरून उभी राहायची. तो आवाज मला पाढ्यासारखा पाठ आहे.

माझ्या धंद्याला त्यांनी एका अटीवर होकार दिला होता. शेवटी माईकवर सांगायचं, ही युक्ती आहे, माझ्यात कसलीही शक्ती नाही. आणि मी सांगत होते, चार वर्षं. मग अमरसिंह भेटला. हा मला कार्यक्रम मिळवून देतो. गेल्या महिन्यात ताराबाई पार्कातल्या एका हॉलमध्ये बारसं होतं, तिथं तो म्हणाला, "बायका खुळ्यागत बघत असत्यात आनि तू शेवटी येऊन फुगा फोडतीस. एकदा तर गप बस की." मी गप्प बसले. एकदाच. मला टाळ्या आवडल्या, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवशी चन्नम्मा नावाच्या एका बाईंच्या हातात मी फोन दिला होता. साठीच्या, भारी इरकल नेसलेल्या, कपाळावर विभूतीची बोटं. "तुम्हाला सगळ्यात जास्त आठवण येते ते नाव," मी म्हटलं. त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं. मी डोळे मिटून म्हटलं, "नीलव्वा." बाई तिथंच रडायला लागल्या. सात वर्षांची असताना गेलेली बहीण. सगळा हॉल गार झाला. ते वाक्य सांगायची खरी वेळ ती होती, आणि मी वाकून नमस्कार केला आणि जिलेबी खायला गेले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा, शिवानंदचा फोन आला. हुपरीला घरी कार्यक्रम आहे, आईनं तुम्हालाच बोलवायला सांगितलंय. मी हो म्हटलं. तेवढ्यात बाबांनी कुणाच्या तरी फोनवर बारशाचा व्हिडिओ पाहिला. "शेवटचं वाक्य कुठं हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "व्हिडिओत कापलं असेल." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "हुपरीला मी येतो संगट," म्हणाले, "आईकायला." म्हणून आम्ही दोघं त्या एसटीत होतो, आणि म्हणून माझा पाय थांबत नव्हता.

शिवानंद स्टँडवर न्यायला आला होता. तिशीतला, किडकिडीत, बोलताना जमिनीकडे बघणारा. गल्लीत घराघरातून ठकठक चालू होती, कुठं चांदीच्या तारा ओढत होते, कुठं ओसरीवर बायका पैंजणांत घुंगरं भरत बसल्या होत्या. ह्याच्या घराच्या दारात मात्र चपलांचा ढीग आणि आतून कसलाही आवाज नाही. वाढदिवस असला तर फुगे दिसतात, पोरं ओरडतात. इथं तसलं काही नव्हतं.

आत भिंतीला टेकून दहाबारा माणसं बसली होती. सगळी मोठी. मध्ये मोकळी जागा सोडलेली, तिथं एक पाट, पाटाखाली तांदळाची रास, चार कोपऱ्यांना चार लिंबं. पाटावर एक बाई बसलेली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. वय असेल पंचवीस-सव्वीस. तिनं मान वर केली नाही.

बाबा उंबऱ्यातच थांबले. त्यांनी असे पाट तीस वर्षांत किती पाहिले असतील कोण जाणे.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"बसा की पावणं," चन्नम्मा म्हणाल्या. "आधी पाणी घ्या." मग त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. बाबांनी आडनाव सांगितलं. चन्नम्मांचा हात कपावर जरासा अडला आणि मग चहा पुढे आला. चांगल्या कपातूनच आला. मन वाचणाऱ्या पोरीला जात नसते बहुतेक.

चहा झाला. माझा पाय हलत होता आणि ह्या वेळी बाबांनी हात ठेवला नाही.

मग चन्नम्मांनी सगळं सांगितलं. पाटावर बसलेली त्यांची सून पवित्रा. कुरुंदवाडची. लग्नाला चार वर्षं झालेली. नऊ दिवसांपूर्वी पैंजणांचे तीन जोड तयार होऊन पॉलिशला जायचे होते, माळ्याखालच्या खोलीत ठेवलेले. त्या सकाळी त्या खोलीत पवित्रा एकटी घुंगरं भरत होती. दुपारी जोड नव्हते.

"नऊ दिस झालं, तोंडातनं अक्षर काढत न्हाय," चन्नम्मा म्हणाल्या. "आता तुम्ही हिचं मन वाचा आक्का, आनि माल कुठं ठिवलाय ते सांगा. सगळ्यांच्या म्होरं सांगा. मग हिच्या भावाला बोलवतो आनि करतो काय ते."

म्हणजे मी एक वाक्य बोलणार आणि ही बाई जन्मभर चोर. मी दुसरं वाक्य बोलणार आणि ती चोर नाही. खरं सांगायचं तर आधी राग आला, त्यांचा नाही, माझाच. त्या जिलेबीचा.

"मावशी, थांबा," मी म्हटलं. "मला मन वाचता येत नाही."

मी फोन काढला, ते पान उघडलं, पाटाशेजारी बसलेल्या एका काकांच्या हातात दिला. "ह्यात काहीही लिहा." त्यांनी लिहिलं. मी मनगट वर करून घड्याळ सगळ्यांसमोर फिरवलं. "हे बघा. ह्यांनी 'ऊस' लिहिलं. इथं 'ऊस' आलं. फोनमध्ये लिहिलेलं घड्याळात येतं. एवढंच आहे. ही युक्ती आहे. माझ्यात कसलीही शक्ती नाही."

चार वर्षं पाठ केलेलं वाक्य. अगदी स्वच्छ म्हटलं. बाबांनी पहिल्यांदाच त्या दिवशी माझ्याकडे नीट पाहिलं.

काकांनी फोन उलटासुलटा करून बघितला. "मग त्यात काय झालं?" ते म्हणाले. "ज्योतिषाला पंचांग लागतंय. तसा तुम्हास्नी फोन लागतोय."

"अहो काका, ह्यात कळण्यासारखं काही नाही, तुम्हीच लिहिलंत ना?"

"आनि मी?" चन्नम्मा म्हणाल्या. "मी नीलव्वाचं नाव पन्नास वर्सं कुणाम्होरं घेतलं नव्हतं. ते तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही लिहिलंत, मावशी! ह्याच फोनमध्ये, ह्या बोटानं!"

"मी कुठं लिवलं? मी नुसतं मनात आणलं आनि तुम्ही सांगितलंसा. सगळा हॉल बघत हुता."

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, तीच तर गोम. हे माझ्या धंद्याचं गुपित आहे. चार दिवस गेले की माणूस लिहिलेलं विसरतो. फोन विसरतो, बोट विसरतो. नाव मनात आणलं आणि पोरीनं सांगितलं, एवढंच राहतं. आजवर मी ह्यावर मनातल्या मनात हसायचे.

मग बाबा उठले. आवाज चढवून त्यांनी सुरुवात केली, कापूर, नारळ, करणी, देवऋषी बायकांना कसे फसवतात, त्यांनी कुठल्या गावात कुणाला कसं पकडलं. पंधरा मिनिटं बोलले. लोकांनी ऐकून घेतलं, आदरानं ऐकलं, आणि शेवटी चन्नम्मा म्हणाल्या, "तुमचं समदं खरं हाय पावणं. भोंदू लई झाल्यात. म्हणून तर खरं वाचणाऱ्याला बोलवलं." बाबांचा असा पडलेला कार्यक्रम मी कधी पाहिला नव्हता. ते खाली बसले आणि रुमालानं मान पुसत राहिले.

"तुमच्या पोरीला हिची दया आली," चन्नम्मा म्हणाल्या. "दिसलंय तिला, खरं झाकतीया. खरं हाय का न्हाय?"

आता काय करायचं ते मला सुचेना. गेलो असतो उठून तर "दिसलं, म्हणून पळाली" म्हणाले असते, आणि पवित्रा तिथंच चोर ठरली असती. बसलो तर वाचावं लागणार. शिवानंद दाराला टेकून नखं खात होता. नवरा म्हणून एक शब्द बोलेल तर शपथ. मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बाबा माझ्या कानाशी आले. "चल. उठ. हितं आपलं काम न्हाय."

तेवढ्यात पवित्रा बोलली. पदराआडून, मान खालीच ठेवून.

"ताई, मी लिवलेलं तुमच्या घड्याळात येतंय?"

"हो," मी म्हटलं.

"पुसल्यावर आनि कुणाला दिसत न्हाय? ह्यांना? अत्तीला?" अत्ती म्हणजे सासू.

"नाही. फक्त मला."

"मग द्या फोन," ती म्हणाली आणि पहिल्यांदा मान वर केली. "वाचू दे माझं मन. मला भ्या न्हाय."

खोलीत कुजबूज झाली. चन्नम्मांनी समाधानानं मान हलवली. त्यांना वाटलं, आली वाटेवर. मला मात्र एकदम लख्ख कळलं. मी मघापासून घसा कोरडा करून सांगत होते ते त्या खोलीत एकाच माणसानं ऐकलं होतं.

मी फोन दिला. ती फोन मांडीत धरून दोन्ही अंगठ्यांनी लिहायला लागली. भरभर, थांबल्याशिवाय. मी डोळे मिटायचं नाटक केलं आणि हात कपाळाकडे नेला.

घड्याळाची काच टिचभर. एका वेळी पाचसहा शब्द मावतात. पहिली ओळ आली. 'मी घेतलं नाही.' माझा जीव भांड्यात पडला. मग दुसरी ओळ आली. 'पण माझंच नाव सांगा.' मी डोळे चोळल्यासारखं केलं आणि परत बघितलं. तेच होतं. तिसरी आली. 'चोर म्हटलं तर हाकलतील. दीड वर्ष झालं, माहेरी सोडत नाहीत. फोन काढून घेतला. आई आजारी आहे.' मग थोडा वेळ काही नाही. आणि शेवटी, 'सांगा ना ताई, मला घरी जायचंय.'

तिनं सगळं पुसलं, फोन पालथा केला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही, पाटावर नीट मांडी घालून बसली. कुणी फोटो काढणार असल्यासारखी.

"सांगा आक्का," चन्नम्मा म्हणाल्या.

मी काय सांगणार होते? चोर म्हणून सांगितलं तर ती सुटणार होती. कुरुंदवाडला पोचणार होती, आईजवळ. आणि मग? भाऊ मान खाली घालणार, गल्ली बोटं दाखवणार, आणि ही बाई बाजारात गेली की दुकानदार हातातल्या वस्तू मागं ओढणार. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मागत होती. आणि चोर नाही म्हणून सांगितलं, म्हणजे खरं सांगितलं, तर ती ह्याच घरात राहणार होती. उद्या परत ठकठक, परत घुंगरं. माझा पाय इतका हलत होता की घोंगडीवर आवाज होत होता. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्या रागातच मी उठून उभी राहिले.

आणि तो आवाज काढला. बाबांचा. पोटातून, घोगरा, शब्द ओढत ओढत. अंगात आलेल्या बाईचा.

"हिच्या मनात चांदी न्हाय!"

पुढच्या दोन बायकांनी लगेच हात जोडले. बाबा माझ्या मागे होते. त्यांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

"मग काय हाय?" चन्नम्मांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"माहेर हाय! माहेर अडवलंय तुम्ही हिचं! आई अंथरुणाला हाय आनि लेक हितं डांबलीया! ज्या घरात लेकीबाळीचं माहेर अडतंय त्या घरात चांदी थांबत न्हाय! आज तीन जोड गेलं, उद्या काय जाईल त्याचं मी सांगत न्हाय! पाठवा हिला! आज पाठवा, आत्ता पाठवा, ओटी भरून पाठवा! आनि हिला कोण चोर म्हणंल त्यानं आधी स्वतःचं घर तपासावं!"

सांगते, मला ते आवडलं. लाज वाटते, पण आवडलं. दहाबारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी त्या क्षणी कुणाचंही नाव घेतलं असतं तरी ते चोर ठरलं असतं. काकांचं, शेजारणीचं, कुणाचंही. असं कधी टाळ्यांनी झालं नव्हतं.

चन्नम्मांनी नजर माझ्या मागं बाबांकडे वळवली. बाई पक्की होती. "पावणं," त्या बाबांना म्हणाल्या, "तुम्ही बाप. तुम्ही खोटं बोलणार न्हाय, मघाधरनं बघतोय मी. हे खरं हाय काय?"

मी मागं वळून बघायला धजले नाही. बाबांनी ह्या आवाजाच्या विरोधात दगड खाल्लेत. एका गावात तर सायकल विहिरीत टाकली होती त्यांची. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, माझी पोर सोंग करतीया. त्यांनी तेच म्हणायला हवं होतं.

बाबा पुढे आले आणि पाटासमोर उकिडवे बसले. पवित्राकडे थोडा वेळ बघितलं.

"आई आजारी हाय का ग?" त्यांनी विचारलं.

तिच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, नुसतं पाणी.

"हिच्या तोंडाकडं बघा की," बाबा चन्नम्मांना म्हणाले. "ह्याला मन वाचायला लागतंय व्हय? एवढं तर मला बी दिसतंय."

ते खरं बोलले होते. शब्द न् शब्द खरा. पण काकांनी शेजारच्याला कोपर मारलं आणि हळूच म्हणाले, "बाप बी वाचतोय."

अर्ध्या तासात पवित्राची पिशवी भरली. चन्नम्मांनी तिची ओटी भरली, नारळ, खण, तांदूळ, आणि मग माझीही भरली. मी नको नको म्हणत होते, त्यांनी पदर ओढून भरलीच आणि माझ्या पायाला हात लावला. माझ्या आजीच्या वयाच्या नसतील, पण आईच्या वयाच्या नक्की. कार्यक्रमाचं पाकीट बाबांनी परत दिलं. ते घेतलं नाही, एवढंच आमच्या हातात होतं.

स्टँडपर्यंत शिवानंद आला, पिशवी घेऊन. बाबा आणि पवित्रा पुढे चालत होते. तो मागं राहिला, माझ्या बरोबरीनं. दोनदा घसा खाकरला.

"ताई," तो म्हणाला, "माझं बी वाचलंसा काय?"

तुमच्या हातात कुठं फोन दिला होता, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि गप्प बसले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अव्वाला सांगू नका," तो भराभर बोलायला लागला. "आनून ठिवतो. एका मैत्राकडं दिल्यात, दोन दिसांत आनतो. मला वाटलं नव्हतं गोष्ट एवढी वाढंल. तुम्ही 'स्वतःचं घर तपासा' म्हटलासा तवाच मला कळलं तुम्हाला दिसलंय."

मला काहीच दिसलं नव्हतं. ते वाक्य नुसतं जोरात म्हणायला बरं वाटलं म्हणून म्हटलं होतं. नऊ दिवस हा माणूस बायकोला पाटापर्यंत जाताना बघत होता. दाराला टेकून, नखं खात. माझ्या हातात नारळ होता आणि तो त्याच्या डोक्यात घालायची इच्छा मी कशी आवरली ते मलाच माहीत.

"तिचा फोन द्या," मी म्हटलं.

त्यानं मागच्या खिशातून काढून दिला. काच तडकलेली, चार्जिंग संपलेलं.

इचलकरंजीची गाडी लागली होती. तिथून कुरुंदवाडची मिळणार होती. कोल्हापूरची गाडी शेजारीच उभी होती, बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. कंडक्टरला म्हणाले, "तीन इचलकरंजी. एक ज्येष्ठ, दोन महिला." मग खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. माझ्याशी ते कधी बोलतील, आज की आठवड्यानं, ते मला कळत नव्हतं. माझा पाय हलत होता. त्यांनी हात ठेवला नाही.

मी पवित्राचा फोन माझ्या पॉवर बँकेला लावला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तो सुरू व्हायची ती वाट बघत होती. मला सांगावं की नाही कळेना. चार वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या माणसाबद्दल परक्या बाईनं एसटीत काय सांगायचं? पण त्या दिवशी मी एवढं खोटं बोलले होते की आणखी एक झाकलेलं माझ्या पोटात मावत नव्हतं.

"पवित्रा," मी म्हटलं, "जोड तुझ्या नवऱ्यानं घेतलेत. आत्ता बोलला तो मला."

तिनं मांडीवरच्या फोनवरून नजर हलवली नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझ्या म्होरनंच घेऊन गेलं की."

बाबा खिडकीतून आत वळले.

"मग नऊ दिवस बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं बघितलं. "तांदळावर बसवलं तुला, लिंबं मांडली! एवढी माणसं गोळा केली! सांगायचं नाही?"

"'कुठं ठिवलंस' एवढंच इचारत हुती समदी, ताई," ती म्हणाली. "'कुणी घेतलं' हे मला कुणी इचारलंच न्हाय."

तेवढ्यात तिचा फोन सुरू झाला. तिनं एक नंबर लावला आणि कानाला धरला.